काचेच्या आधीचं

कुडाळ

चि. सई,

तुला एमडीला पॅथॉलॉजी मिळाल्याचं दादाने फोनवर सांगितलं, तेव्हा मेडिसिन हुकल्याची खंत त्याच्या आवाजात जाणवली. मला मात्र मनापासून आनंद झाला. आपल्या जिल्ह्याला पॅथॉलॉजिस्ट हवेत, आणि तू परत येणार आहेस असं मी धरूनच चालले आहे.

स्लाइड वाचायला तुझे सर-मॅडम शिकवतील, त्याची मला काळजी नाही. नमुना काचेवर येण्याआधी जे घडतं, त्याकडे मात्र तू स्वतःहून लक्ष द्यायला हवंस.

ग्रॉसिंग, म्हणजे आलेला नमुना बघून, कापून त्यातले तुकडे निवडणं, पहिल्या वर्षी गळ्यात पडतं. फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात, म्हणून पोरं ते घाईने उरकतात. तू तिथे रेंगाळ. फॉर्मेलिन आत शिरतं ते तासाला जेमतेम एक मिलिमीटर. काढलेला स्तन काप न देता तसाच बादलीत टाकला, तर आतली गाठ रात्रभर फॉर्मेलिनविना राहते आणि पुढे ईआर-पीआर या हॉर्मोन रिसेप्टरच्या चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. त्या बाईला हॉर्मोन रोखणारी गोळी सुरू करायची की नाही, हे त्याच निकालावर ठरतं गो! तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मेलिन हवं, हे ऑपरेशन थिएटरातल्या सिस्टरला जाऊन सांगायलाही शीक. सलाइनमध्ये बुडवलेले, अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेले तुकडे आमच्याकडे अजून येतात. तू मालवणच्या बंदरावर वाढलीस. होडीवरच बर्फ मिळाला नाही, तर सुरमई नंतर कितीही बर्फात पुरली तरी ताजी होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

रक्ताच्या बाजूला कमी लेखू नकोस. हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे खरी विद्या आणि सीबीसी म्हणजे यंत्राचं काम, असा समज शिकाऊ डॉक्टरांत फार आहे. पावसात तापाचे पेशंट येतात, यंत्र प्लेटलेट वीस हजार दाखवतं आणि घरचे गोव्याला न्यायला गाडी ठरवतात. अशा वेळी स्मिअर स्वतः बघायची, तिच्या कडेला आणि शेपटाकडे. तिथे प्लेटलेटचे पुंजके दिसले तर ईडीटीएमुळे त्या चिकटल्या असतील. मग सायट्रेटच्या बल्बमध्ये रक्त पुन्हा घे, आलेल्या आकड्याला १.१ ने गुण आणि डॉक्टरांना लगेच फोन कर. एवढ्याने एखाद्या घराची रात्रीची धावपळ वाचते.

आकडा खरा निघाला, तर माणूस काय काम करतो ते विचार. २०१६ पासून दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप आहे. तो हिवाळ्यापासून मेपर्यंतचा. काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांना गोचिडीतून होतो आणि त्यात प्लेटलेटबरोबर पांढऱ्या पेशीही सहसा उतरतात. भातलावणीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्याचा लेप्टो निराळा. त्यात पांढऱ्या पेशी बहुधा वाढतात, बिलिरुबिन-क्रिएटिनीन चढतं. पक्कं निदान पीसीआर किंवा अँटिबॉडी करतील, पण संशय पहिल्यांदा तुझ्या टेबलावर यायला हवा. फॉर्मवर नुसतं ‘फीव्हर’ लिहिलेलं असेल, तर फोन उचल.

हे विचारणं आपल्या विषयात जुनं आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं नाव तुझ्या कानावर पडेलच. आडनाव ऐकून मला आपल्या वेंगुर्ल्याजवळचं खानोली आठवतं. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाईंनी मिळून सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर निबंध लिहिला. कमरेवर धोतर घट्ट आवळलं जातं तिथला त्वचेचा कॅन्सर त्यात आहे, तंबाखू-चुन्याची गोळी ठेवतात त्या ओठाच्या खाचेतलाही आहे. मायक्रोस्कोपखाली हे कॅन्सर इतरांसारखेच दिसतात. निराळेपण कळलं ते माणूस काय नेसतो, काय चघळतो ते पाहिल्यामुळे. तो निबंध ग्रंथालयातून मिळवून वाच.

आणखी एक. अमेरिकेत ऊती आणि प्रयोगशाळा अशी दोन्ही अंगं चार वर्षांत एकत्र शिकवतात. आपल्याकडे मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीची एमडी वेगळी आहे. पण लहान गावातल्या लॅबमध्ये कल्चरपासून साखरेपर्यंत सगळं पॅथॉलॉजिस्टपुढेच येतं. म्हणून त्या दोन्ही विभागांत ओळखी कर, सुट्टीच्या दुपारी जाऊन बस. क्वालिटी कंट्रोलचे आलेख कसे वाचतात ते टेक्निशियनकडून शीक. त्यांना दादा-ताई म्हण, त्यांच्या हाताखाली मायक्रोटोमवर स्वतः रिबन काढ. रक्तपेढीची ड्युटी कुणाशी बदलू नकोस. रात्री क्रॉसमॅच करताना जे कळतं ते पुस्तकातून कळायला फार वेळ लागतो.

प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल, तर गाइडना तापातल्या प्लेटलेटबद्दल विचारून बघ. नमुने भरपूर मिळतील, आणि इथे आल्यावर तो अभ्यास रोज उपयोगी पडेल. ग्रॉसिंगचं माझं जुनं पुस्तक दादाबरोबर पाठवते आहे. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी माझ्या आहेत, त्यात न पटणारं काही आढळलं तर कळव.

तुझी,
आत्या