गुप्त ज्ञानाचा पास : ग्नॉस्टिक पंथ आणि मुंबईची थिऑसॉफी



गेल्या काही आठवड्यांत आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. येशूने खरी शिकवण निवडक शिष्यांना गुपचूप दिली, ती सांगणारी शुभवर्तमाने ख्रिस्तसभेने दडवली आणि सर्व धर्मांच्या पोटात तेच एक गुप्त ज्ञान आहे, असे सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर फिरत आहेत. "फादर, यात काही तथ्य आहे का?" प्रश्न चांगला आहे. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. अठराशे वर्षांपूर्वी रोम आणि लिऑनच्या ख्रिस्ती लोकांना तो पडला होता आणि सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरगावातही तो चर्चिला गेला. म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

'ग्नोसिस' हा ग्रीक शब्द आहे. आपल्या 'ज्ञान' या शब्दाचे आणि त्याचे मूळ एकच. मी मुळात कोण, कुठून आलो, कुठे अडकलो आणि परत कसा जाणार, याचे आतले, गुपित ज्ञान म्हणजे ग्नोसिस. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया आणि रोम येथे हे ज्ञान देणारे अनेक गुरू होते. सन १४० च्या सुमारास रोममध्ये शिकवणारा व्हॅलेंटिनस हा त्यांतला सर्वांत बुद्धिमान. पंथ पुष्कळ होते, पण कथेचा सांगाडा साधारण सारखा.

सर्वांत वर एक अज्ञेय पिता. त्याच्यापासून दिव्य तत्त्वांची एक मालिका निघाली. त्या मालिकेत शेवटी असलेल्या सोफियाच्या, म्हणजे प्रज्ञेच्या, हातून चूक घडली आणि तिच्यापासून एक अज्ञानी देव जन्मला. काही ग्रंथांत त्याचे नाव याल्दाबाओथ. आपल्याशिवाय दुसरा देवच नाही असे त्याला वाटते. हे जग, ही माती, हे शरीर त्याने घडवले. म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातला निर्माणकर्ता या लोकांच्या हिशेबी तुरुंगाचा जेलर! माणसाच्या आत वरच्या प्रकाशाची ठिणगी कैद आहे. तारणारा येतो तो तिला तिच्या मूळ घराची आठवण करून देण्यासाठी. पाप, पश्चात्ताप, क्षमा यांना या कथेत फारशी जागा नाही.

मरणानंतर ही ठिणगी वर निघाली की वाटेत एकामागून एक दारे लागतात आणि प्रत्येक दारावर या जगाचे अधिपती पहारा देत असतात. ओफाइट नावाच्या पंथात कोणत्या दारावर काय बोलायचे हे पाठ करून घेत. ओरिजेन यांनी तिसऱ्या शतकात ती वाक्ये लिहून ठेवली आहेत. काही गट मरणासन्न माणसाच्या डोक्यावर तेल आणि पाणी घालून मंत्र म्हणत, म्हणजे तो पहारेकऱ्यांना दिसू नये, असे संत इरेनियस सांगतात. जवाहरनगरच्या माणसाला गेट आणि पास म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. पास नाही तर आत प्रवेश नाही, मग तुम्ही कितीही भले असा!

फिलीपच्या नावाने चालणाऱ्या त्यांच्या एका ग्रंथात पाच विधी सांगितले आहेत : स्नान, अभ्यंग, ख्रिस्तप्रसाद, मुक्ती आणि वधूगृह. पहिली तीन नावे आपलीच वाटतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. व्हॅलेंटिनसचे अनुयायी माणसांचे तीन वर्ग करीत. आत्मिक माणसे जन्मतःच तारलेली. साधे श्रद्धाळू ख्रिस्ती मधल्या वर्गात, त्यांना चांगली कामे करून खालची जागा मिळेल. उरलेली माणसे मातीची, ती मातीबरोबर नाश पावणार.

रोमन जगात हे पंथ हळूहळू ओसरले. (इराक-इराणकडचे मंडायी लोक मात्र त्याच कुळातला स्वतःचा धर्म आजही पाळतात.) कल्पना मात्र संपली नाही. आजच्या महाराष्ट्रात ती बोटीने आली.

गिरगावातले पाहुणे

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात रशियन वंशाच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि अमेरिकन कर्नल ऑलकॉट उतरले. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली होती. गिरगावात त्यांनी बिऱ्हाड केले, २३ मार्चला फ्रामजी कावसजी हॉलमध्ये ऑलकॉट यांचे जाहीर व्याख्यान झाले आणि ऑक्टोबरपासून 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक निघू लागले. १८८२ च्या डिसेंबरात त्यांनी मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला हलवले. म्हणजे मुंबईतला मुक्काम जेमतेम चार वर्षांचा.

शिकलेले पारशी, गुजराती, मराठी लोक त्यांच्याकडे का गेले, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळात अनेक मिशनरी आपल्या देशाच्या परंपरांची जाहीर थट्टा करीत. आणि इथे दोन गोरी माणसे म्हणत होती की, ज्ञान तुमच्या देशात आहे, आम्ही शिकायला आलो. अपमानित माणसाला हे अमृतासारखे वाटले तर नवल काय? त्या आकर्षणात आपल्या लोकांच्या कठोर बोलण्याचाही वाटा होता, हे ख्रिस्ती माणसाने मान्य करावे.

पण शिकवण काय होती? हिमालयापलीकडे सिद्ध महात्मे राहतात, जगाचे मूळ ज्ञान त्यांच्याकडे जपून आहे आणि ते निवडक शिष्यांनाच मिळते. १८७७ च्या 'आयसिस अनव्हेल्ड' या ग्रंथात मादामनी ओफाइटांचाच धागा उचलून जुन्या करारातील यहोवाला याल्दाबाओथच्या जागी बसवले होते. 'पायोनियर' या अलाहाबादच्या इंग्रजी पत्राच्या संपादकाला, सिनेट यांना, १८८० पासून महात्म्यांची म्हणून पत्रे येऊ लागली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याच वर्षी सिमल्याच्या सहलीत एक कप कमी पडला, तेव्हा तसाच कप जमिनीतून उकरून काढल्याची गोष्ट फार गाजली.

१८८४ साली मद्रासच्या एका ख्रिस्ती मासिकाने हे चमत्कार बनावट असल्याचे छापले आणि १८८५ च्या हॉजसन अहवालाने मादामना भोंदू ठरवले. पुढे १९८६ साली, ज्या संस्थेने तो अहवाल काढला तिच्याच नियतकालिकात, अहवाल एकांगी असल्याची टीका प्रसिद्ध झाली. हा वाद मी अभ्यासकांवर सोडतो. पत्रे खरी असोत वा खोटी, माझा प्रश्न वेगळा आहे : जे ज्ञान तारते ते मूठभरांनाच का?

या प्रश्नाची किंमत माणसे मोजतात. दामोदर मावळंकर हा अहमदाबादच्या सधन घरातला तरुण एकविसाव्या वर्षी मुंबईत सोसायटीचा सभासद झाला. घर, संपत्ती, जात सगळे त्याने सोडले. १८८५ साली गुरूच्या शोधात तो सिक्कीममार्गे तिबेटकडे निघाला, तो परत आलाच नाही.

चांगली फळेही नोंदवू. विश्वबंधुत्व हे सोसायटीचे पहिले उद्दिष्ट होते. मुंबईत जन्मलेले पारशी थिऑसॉफिस्ट बी. पी. वाडिया यांनी १९१८ साली मद्रास लेबर युनियन उभारण्यात पुढाकार घेतला. आपल्या देशातील पहिल्या संघटित कामगार संघटनांत ती गणली जाते. युनियनच्या सभा पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे माहीत असावे.

मात्र बंधुत्वाच्या बाजूलाच शिडीही होती. १८८८ साली प्रतिज्ञा घेणाऱ्यांसाठी वेगळा आतला विभाग निघाला. १९१६ साली काही थिऑसॉफिस्टांनी चक्क आपल्यासारखी मिस्सा असलेली 'लिबरल कॅथलिक चर्च' उभी केली. वेदी, धूप, बिशपांची टोपी, सगळे! तिचे एक बिशप लेडबीटर यांनी १९२० साली संस्कारांवर ग्रंथ लिहिला. मिस्सा चालू असताना वेदीभोवती सूक्ष्म शक्तींची एक प्रचंड इमारत उभी राहते आणि दिव्यदृष्टीच्या माणसाला ती दिसते, असे त्यांचे म्हणणे. ज्याला ती दिसत नाही त्याने दिसणाऱ्यावर भरवसा ठेवायचा.

याच लेडबीटर यांनी १९०९ साली अड्यारच्या किनाऱ्यावर कृष्णमूर्ती नावाचा मुलगा हेरला होता. तो येणारा जगद्गुरू म्हणून १९११ साली त्याच्यासाठी संघ स्थापन झाला. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे हजारो अनुयायांसमोर कृष्णमूर्तींनी स्वतःच तो संघ विसर्जित केला. सत्यापर्यंत नेणारी संघटना असू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचे पुढचे सगळे विचार मला पटत नाहीत, पण ज्याच्यासाठी शिडी बांधली त्यानेच ती काढून टाकावी, याला धैर्य लागते.

येशूने काही लपवले का?

अटकेनंतर हन्नाने येशूला त्याच्या शिकवणीविषयी विचारले. मी मंदिरात आणि सभास्थानांत उघडपणे बोललो, गुप्तपणे काही सांगितले नाही, ज्यांनी ऐकले त्यांना विचार, अशा आशयाचे उत्तर येशूने दिले (योहान १८). यावर कोणी हुशार तरुण मार्क शुभवर्तमानाचा चौथा अध्याय दाखवील. तिथे येशू दाखल्यांचा अर्थ शिष्यांना एकांतात सांगतो. बरोबर आहे. पण त्याच अध्यायात पुढे दिवा मापाखाली ठेवत नाहीत आणि झाकलेले सर्व उघड होण्यासाठीच आहे, असेही तो सांगतो. दाखले आणि त्यांचे अर्थ आज प्रत्येक बायबलमध्ये छापलेले आहेत.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्या शतकांत ख्रिस्तसभाही काही गोष्टी झाकून ठेवीत असे. दीक्षार्थींना ख्रिस्तप्रसाद विधीपूर्वी बाहेर पाठवत. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल दीक्षार्थींना, शिकलेले बाहेर बोलू नका, असे बजावत. मग फरक काय? शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येकाला सगळे मिळे. गुलाम आणि सरदार एकाच कुंडात उतरत आणि एकच विश्वासांगीकार पाठ म्हणत. त्यापुढे आणखी आतली खोली नव्हती.

संत इरेनियस यांचा मुद्दा हाच. लहानपणी स्मर्ना येथे त्यांनी संत पॉलिकार्प यांना ऐकले होते, आणि पॉलिकार्पांनी योहानाला. सन १८० च्या सुमारास ते लिहितात की, प्रेषितांना गुप्त रहस्ये ठाऊक असती, तर ज्यांच्या हाती त्यांनी ख्रिस्तसभा सोपवली त्या बिशपांनाच ती आधी दिली असती. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली इरेनियस यांना ख्रिस्तसभेचे आचार्य घोषित केले. त्याआधी २०१८ मध्ये पवित्रतेवरील आपल्या पत्रात पोपमहोदयांनी ग्नॉस्टिक वृत्तीवर एका प्रकरणात सविस्तर लिहिले. तिथे रोख बाहेरच्यांवर नाही. ज्याला धर्मशास्त्र जास्त कळते तो जास्त पवित्र, असे समजणाऱ्या आपल्यातल्याच लोकांवर आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हा धर्मगुरूंनी ते प्रकरण दोनदा वाचावे!

तत्त्वज्ञानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. प्लोटिनस हा ख्रिस्ती नव्हता, तरी तिसऱ्या शतकात त्याने ग्नॉस्टिकांविरुद्ध लिहिले. हे जगाची निंदा करतात, देवाकडे पाहा म्हणतात, पण सद्गुणी कसे व्हावे ते शिकवत नाहीत, ही त्याची तक्रार.

मला स्वतःला हा प्रश्न ग्रंथालयात कमी आणि आजाऱ्यांच्या खाटेशी जास्त पडतो. ज्याला स्मृतिभ्रंश झाला आहे, जो मुलाला ओळखत नाही आणि जेवलो की नाही हेही ज्याला आठवत नाही, असा म्हातारा माणूस घ्या. ज्ञानाने तारण असेल तर तो पहिल्याच दारावर अडकला. पाठ केलेली वाक्ये त्याच्याजवळ उरली नाहीत. मतिमंद बाळाचे काय? अंगठा उठवणाऱ्या आजीचे काय? ख्रिस्तसभा त्या म्हाताऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावते. ते तेल खऱ्या झाडाच्या फळाचे असते आणि ते कपाळही खरे, देवाने घडवलेले. त्याला काही आठवावे लागत नाही. जो देहधारी झाला तो त्याला ओळखतो. इरेनियस यांचा युक्तिवाद असाच आहे : देहाचे तारण नसेल, तर ज्या प्याल्यातून आपण प्रभूचे रक्त घेतो तो प्यालाही रिकामा.

आता तरुणांचा व्यवहारी प्रश्न : हे ग्रंथ वाचायचे की नाही? १९१९ च्या जुलैमध्ये रोमच्या होली ऑफिसने थिऑसॉफीची मते कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत असे ठरवले आणि तिच्या संस्थांत जाण्यास, सभांना बसण्यास, पुस्तके वाचण्यास मनाई केली. निषिद्ध ग्रंथांची यादी १९६६ साली रद्द झाली. मते मात्र तेव्हा जुळत नव्हती तशी आजही जुळत नाहीत. अभ्यासासाठी वाचायचे असेल तर वाचा, आणि शंका आली तर माझ्याकडे या.

'दडवलेली शुभवर्तमाने' म्हणतात त्यांतली बरीच १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ एका रांजणात सापडली. आज त्यांची भाषांतरे कोणालाही विकत मिळतात. थॉमसच्या नावाचे पुस्तक आपल्या चार शुभवर्तमानांपेक्षा बरेच लहान आहे, त्यात ११४ वचने आहेत. तासाभरात वाचून होते. हे ग्रंथ स्त्रियांना मान देतात असे त्या व्हिडिओंत सांगतात. तेव्हा शेवटचे, ११४ वे वचन जरूर वाचा. तिथे पेत्र म्हणतो की मरियेने आपल्यातून निघून जावे, आणि उत्तर मिळते की तिला पुरुष बनवले जाईल, म्हणजे ती स्वर्गराज्यात जाऊ शकेल. नंतर योहानाचा विसावा अध्याय उघडा आणि पुनरुत्थित प्रभू प्रथम कोणाला भेटला व निरोप कोणाजवळ दिला ते पाहा.