मांडवातला गलका आणि बधिर माणूस

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागले, की येथे गावोगाव मंडई भरते. घरोघरी पाहुणे येतात, रात्री नाटक उभे राहते आणि ते पहाटेपर्यंत चालते. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचे देसाईगंज, हे या नाटकांचे मोठे केंद्र. मंडई संपते न संपते तोच लग्नसराई येते.

समजा, अशाच एखाद्या गावात एक बधिर तरुण आहे. आठव्या वर्षी मेंदूज्वर होऊन त्याचे ऐकणे गेले. तोवर तो मराठी शिकलेला होता, त्यामुळे तो बोलतो, वाचतो, समोरच्याच्या ओठांवरून बरेचसे ओळखतो. कानाला यंत्र लावतो. घरचे सारे मंडईला किंवा लग्नाला निघाले, की तो पुष्कळदा म्हणतो, "तुम्ही जा, मी घरी थांबतो." नातेवाईक त्याला घुमा म्हणतात, कुणी शिष्टही म्हणते. पण त्याच्या नकारामागे एक हिशेब असतो. तो हिशेब भौतिकशास्त्राचा, शरीरशास्त्राचा आणि थोडा व्याकरणाचाही आहे. आपण तो मांडून पाहू या.

आधी आवाजाचे पाहू. माणूस नेहमीच्या स्वरात बोलत असेल, तर एक मीटरवर त्याच्या आवाजाची पातळी सुमारे ६० डेसिबेल असते. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की ती ६ डेसिबेलने उतरते. म्हणजे दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८. आता लग्नाच्या मांडवात चला. शंभर माणसांचा गलका, मुलांची पळापळ, भांड्यांचा खणखणाट, कोपऱ्यात लाऊडस्पीकर. हा आवाज सहज ७० डेसिबेलच्या पुढे जातो. तुमचे कान चांगले असतील तर शेजारच्याचा आवाज गलक्याइतकाच असला तरी तुम्ही त्याचे बोलणे निवडून घेता. अंतर्कर्ण बिघडलेल्या माणसाला ही निवड साधत नाही. त्याच्यासाठी बोलणे गलक्याहून बरेच मोठे असावे लागते. यंत्राने काम होईल असे आपल्याला वाटते, पण यंत्र बोलणे वाढवते तसा गलकाही वाढवते. अलीकडच्या यंत्रांना समोरून येणारा आवाज थोडाफार वेगळा काढता येतो. सनई, बँड आणि डीजे एकाच वेळी वाजू लागले की त्यांचाही इलाज चालत नाही.

मग लोक एक उपाय करतात. ते कानाशी येऊन ओरडतात, आणि त्याने काम बिघडते. याचे कारण कानाच्या आत आहे. अंतर्कर्णातील शंखासारख्या नळीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्यांतील बाहेरच्या रांगांतील पेशी मंद आवाज वाढवून देतात. त्या मेल्या की मंद आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे लागतात. म्हणजे 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्यामधली पट्टी अरुंद होते. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. शिवाय उंच स्वर टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, च, त यांची ओळख उंच पट्टीत असते. त्यामुळे अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'याला हवे तेव्हा बरोबर ऐकू येते' हा खवचट शेरा अनेक बधिरांच्या वाट्याला येतो, त्याचे मूळ येथे आहे.

ही सारी लक्षणे एका फार प्रसिद्ध माणसाने दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. संगीतकार बेथोव्हेन याने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहिले. त्यात तो सांगतो, की जवळजवळ दोन वर्षे तो लोकांच्या बैठकींना जाणे टाळत आहे, कारण 'मी बहिरा आहे' असे लोकांना सांगणे त्याला शक्य होत नाही. नाटकगृहात नटाचे शब्द कळावेत म्हणून त्याला वाद्यवृंदाला अगदी खेटून बसावे लागे. हळू बोलणाऱ्याचा स्वर ऐकू येई, शब्द नव्हे. आणि कुणी ओरडले तर ते असह्य होई. त्या वेळी केसपेशींची ही कामे कोणालाच ठाऊक नव्हती.

कान गेले तर डोळे आहेत, असे तुम्ही म्हणाल. ओठ वाचण्याने किती मिळते? हे तपासायला आपली वर्णमालाच उत्तम साधन आहे. क ख ग घ ङ ही ओळ कंठातली, च ची टाळूवरची, ट ची मूर्धेवरची, त ची दातांची आणि प ची ओठांची. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी ही मांडणी उच्चाराच्या जागेवरून केली. आता ओठ वाचणाऱ्याच्या बाजूने पाहा. कंठातली ओळ बाहेरून दिसतच नाही. टाळू आणि मूर्धा जवळपास झाकलेल्या. त च्या ओळीत जिभेचे टोक ओझरते दिसते. स्वच्छ दिसते ती फक्त प ची ओळ. पण त्या ओळीतले प, ब, भ, म एकमेकांपासून वेगळे कशाने होतात? ब मध्ये कंठ कंप पावतो, भ मध्ये जोडीला श्वासाचा झोत असतो, म मध्ये हवा नाकातून जाते. यांतले काहीही ओठांवर दिसत नाही.

आरशासमोर उभे राहून आवाज न काढता पान, बाण, मान, भान म्हणा. चारही शब्द सारखेच दिसतील. तसेच पाट, बाद, मात, माठ, भात. मित्राला समोर बसवून यातला एकेक शब्द मुक्याने म्हणा आणि त्याला ओळखायला सांगा. दहापैकी किती बरोबर येतात ते वहीत मांडा. मग 'आईने ताटात ... वाढला' असे वाक्य करून तोच शब्द मुक्याने म्हणा. आता तो लगेच 'भात' म्हणेल. म्हणजे ओठ थोडे सांगतात, बाकीचे माणूस संदर्भावरून भरून काढतो. अंदाजासाठी भाषा आणि विषय, दोन्ही ठाऊक असावे लागतात.

आणि येथेच गडचिरोलीचा मांडव अवघड होतो. या जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी आणि माडिया बोलतात, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगालीही. सिरोंच्याची पाहुणी मंडळी मराठीत सुरू झालेले वाक्य तेलुगूत संपवतात, तेव्हा ऐकणाऱ्याला गंमत वाटते. ओठ वाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन मात्र त्या क्षणी सरकते.

दुसरी अडचण वेळेची. गप्पांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. जगातील निरनिराळ्या भाषांत मोजून पाहिले, तरी हे अंतर फारसे बदलत नाही. आता कोण बोलते आहे हे तुम्हाला कान सांगतात. बधिर माणसाला ते डोळ्यांनी शोधावे लागते. नजर उचलून, मान वळवून योग्य चेहऱ्यावर पोहोचेपर्यंत वाक्याचा आरंभ निघून जातो. पाच जणांच्या गप्पांत हे प्रत्येक वाक्याला घडते. मग सारे हसतात. तो विचारतो, "काय झाले?" उत्तर येते, "काही नाही, नंतर सांगतो." ते नंतर बहुधा येत नाही. अमेरिकेतील बधिरांनी या अनुभवाला नावच देऊन टाकले आहे, 'डिनर टेबल सिंड्रोम'. आपल्याकडे टेबल नसेल, अनुभव तोच. दोन तास असे डोळे ताणून अंदाज बांधत बसले की डोके दुखू लागते. हा थकवा आळसाचा नव्हे.

म्हणून आपला तरुण 'जावे का?' हे ठरवताना कार्यक्रमाचे नाव पाहत नाही, त्याचा आकार पाहतो. नाटकात रंगमंच उजेडात असतो, एका वेळी एकच पात्र बोलते, कथा आधी कुणी सांगितली असेल तर अंदाज चालतो. पहिल्या रांगेत जागा मिळाली तर तो जाईल. शेकोटीभोवतीच्या गप्पांत वर्तुळ असते हे खरे, पण ज्वाळा हलल्या की ओठ अंधारात जातात. गोंड-माडिया गावांतील रेला नाच मात्र वेगळा. हातात हात धरून साखळी फिरते, पाय एका ठेक्यात पडतात, आणि शेजाऱ्याच्या हाताचा हिसका व ढोलाचा जमिनीतून येणारा हादरा ठेका कळवत राहतो. फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरून ढोलाजवळ उभे राहा, हा हादरा तुम्हालाही जाणवेल. वरोऱ्याच्या आनंदवनात विकास आमटे यांनी उभा केलेला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद आहे. त्यात बधिर कलावंतही नाचतात, हे ऐकून लोक चकित होतात. त्वचेलाही ताल कळतो हे ध्यानात घेतले, की आश्चर्य थोडे कमी होईल, कौतुक कमी होऊ नये.

बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या याच आनंदवनात पुढे अंध मुलांसाठी आणि मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या. 'मूकबधिर' हा जुना शब्द. आता 'कर्णबधिर' म्हणतात, आणि ते शास्त्राला धरून आहे, कारण या मुलांचा गळा बहुधा ठीक असतो. जे ऐकले नाही ते उच्चारता येत नाही, एवढेच. अशा शाळांत बधिर मुले एकत्र येतात आणि आपसांत भराभर खुणांनी बोलू लागतात. खुणांची भाषा गलक्याने बुडत नाही, वीस हात अंतरावरूनही चालते, तोंडात घास असतानाही चालते. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात २०२१ पर्यंत १० हजार शब्दांच्या खुणा जमा झाल्या. पण बहुतेक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. सुट्टीत मूल गावी येते तेव्हा घरात त्याची भाषा जाणणारे सहसा कोणी नसते. मित्रांच्या मेळाव्याला धावत जाणारा मुलगा चुलत बहिणीच्या लग्नाला का कुरकुरतो, हे आता तुम्हाला सांगता येईल.

करमणूक टाळता येते, पण सगळ्याच बैठका टाळण्याजोग्या नसतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव प्रसिद्ध आहे. २००९ साली त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. वनहक्क मिळालेल्या कोणत्याही गावात बांबू कधी तोडायचा, तेंदूपत्ता कोणाला विकायचा, हे अशाच सभेत ठरते आणि त्यावर घराची मिळकत अवलंबून असते. आपला तरुण अशा गावात राहत असेल, तर सभेला न जाणे त्याला परवडणारे नाही. तेथे उपाय अवघड नाहीत. गोल बसावे, एका वेळी एकाने बोलावे, बोलण्याआधी हात वर करावा, दिवा बोलणाऱ्याच्या पाठीमागे नव्हे तर तोंडासमोर असावा, विषय आधी फळ्यावर लिहावा. यांतल्या कशालाच पैसा लागत नाही.

राहिली लग्नाची पंगत. ओठ वाचणाऱ्याला याहून वाईट मांडणी शोधून सापडणार नाही. सारे एका ओळीत बसतात, शेजाऱ्याचा चेहरा बाजूने दिसतो, समोरची ओळ लांब, आणि नजर पत्रावळीवर ठेवावी तर बोलणे हुकते. पण अनेक बधिर माणसे यातून वाट काढतात. आपल्या तरुणालाही ती सापडली आहे. तो पंगतीला बसत नाही, वाढायला उभा राहतो. वाढप्याला प्रत्येक चेहरा समोरून, हातभर अंतरावर आणि एकेकाचाच दिसतो. विषय ठरलेला असतो, हातात वरणाची बादली आहे की भाताची, त्यावरून पुढचा शब्द आधीच कळतो. आणि पुरे झाले असेल तर माणसे तोंडाने काही सांगतच नाहीत. ओळीत बसलेली शंभर ऐकू येणारी माणसे पत्रावळीवर हात आडवा धरतात.