ऑपरेशननंतरची पहिली रात्र : सोबतिणीने काय पाहावे?



मागच्या बैठकीत एका ताईने आपला अनुभव सांगितला. तिच्या जावेचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. रात्री वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या आणि सिस्टर एकटीच. पॅड पूर्ण भिजलेलं ताईने पाहिलं. पण "त्या बिचाऱ्या आधीच धावपळीत, कशाला हाक मारायची?" म्हणून ती दोन तास गप्प बसली. सिस्टर फेरीला आल्या तेव्हा त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं. जाऊ वाचली, पण ते दोन तास ताईच्या मनातून जात नाहीत.

साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात काय असतं, ते आपण पाहतोच. दोष सिस्टरचा नाही. म्हणूनच काय सांगायचं आणि कधी सांगायचं, हे सोबतिणीला माहीत हवं.

ऑपरेशनआधी
- चालू गोळ्या, जुने आजार आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे एका कागदावर लिहून न्या.
- उपाशी राहायची वेळ नीट विचारून घ्या. "घोटभर चहा चालतो" असं मनाने ठरवू नका.
- ड्युटी कधी बदलते ते विचारा. नवीन सिस्टर आल्या की रुग्णाचं नाव आणि ऑपरेशन कोणतं, ते एकदा सांगा.

लगेच हाक मारा
- तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, किंवा पट्टीतून रक्त येतंय.
- अंग गार पडलंय, घाम फुटलाय, रुग्ण घाबरीघुबरी झालीय. रक्तस्राव आतल्या आतही होतो, तो दिसत नाही.
- धाप लागतेय, छातीत दुखतंय, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखतेय.
- थंडी वाजून ताप आलाय.
- लघवीच्या पिशवीत बराच वेळ काहीच जमा झालेलं नाही.

हाक मारताना नेमकं सांगा. "बरं वाटत नाहीये" यापेक्षा "नऊ वाजता बदललेलं पॅड दहाला पूर्ण भिजलं" असं सांगितलं, तर सिस्टरला लगेच अंदाज येतो. कुणी आलं नाही तर पुन्हा जा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा.

आपण करू शकतो
- रुग्णाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.
- लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहील अशी अडकवा. ती जमिनीवर ठेवू नका. नळी दुमडलेली नाही ना, ते पाहा.
- डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला धरून बसवा, चार पावलं चालवा. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.
- सलाईन संपत आलं की आधीच कळवा.

हे करू नका
सलाईनचा वेग बदलू नका, नळी ओढू नका, जखमेवर हळद लावू नका. सांगितल्याशिवाय पाणीही पाजू नका.

घरी निघताना टाके कधी काढायचे, गोळ्या किती दिवस घ्यायच्या आणि त्रास झाला तर कुठे यायचं, हे विचारून कार्डावर लिहून घ्या.

बैठकीत चर्चा करा
1. आपल्या गटात कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर रात्रीची सोबत पाळीने कोण कोण करेल?
2. तिच्या घरची चूल, गुरं, लेकरं कोण बघेल?

नावं आजच वहीत लिहून ठेवा. आणि एक लक्षात ठेवा, हाक मारायला लाजू नका!