‘कोट्यातली’ म्हणतात, हसून सोडू का?

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडची, गोंड समाजातली. पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवर मुली ‘कोट्यातली’, ‘जंगलातून आली’ म्हणतात. मी हसून सोडते, पण पेपर लिहिताना हात थरथरतो.

उत्तर : हात थरथरतो म्हणून अभ्यासावर शंका घेऊ नकोस. 1995 साली अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ आरनसन यांनी दाखवलं, की परीक्षा बुद्धीची कुवत मोजणारी आहे असं सांगितल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण घसरले. तसं न सांगता तोच पेपर दिला तेव्हा तितके घसरले नाहीत. ओझं कमी लेखणाऱ्या शिक्क्याचं असतं; तुझ्यावरचं टोमण्याचं ओझंही तसंच.

हसून सोडणं त्या क्षणापुरतं ठीक. रात्री तेच घोळवत एकटी बसणं मात्र वाईट. गोंदिया-गडचिरोलीच्या मुली शोध, गोंडीत मनसोक्त बोल. थरथर थांबेना तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर.

कोण, कधी, काय बोललं, समोर कोण होतं, हे तारखेसह लिहून ठेव. यूजीसीच्या 2012 च्या नियमांत कॉलेजांना समान संधी कक्ष उघडायला आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय. त्यांच्याकडे तक्रार लेखी दे, पोच घे. ‘मुली आहेत, चालायचंच’ म्हणणारे भेटतील. त्यांना सांग, चारचौघांत आदिवासीचा जमातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणं 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यासाठीची हेल्पलाइन 14566.