गाय उलटतेय? गर्भाशयाबरोबर मागच्या तीन महिन्यांचा चाराही तपासा



मार्च लागला की संकलन केंद्रावर एक प्रश्न हमखास येतो. "गाय वेळेवर माजावर येते, सोट स्वच्छ आहे, तीनदा भरवली तरी उलटली. कुठलं इंजेक्शन मारू?" आजचा सल्ला थोडा लांब आहे, पण गोठ्यात संकरित गाय असेल तर शेवटपर्यंत वाचा.

तीनदा उलटलेली गाय म्हणजे 63 दिवस वाया. तेवढे दिवस चारा, पेंड, कांडीचा खर्च चालूच राहतो आणि पुढचं वेत दोन महिने लांबतं. अशी गाय बाजार दाखवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. गर्भाशयाला सूज किंवा पू असेल तर त्याचा उपचार वेगळा. पण तपासणीत सगळं ठीक निघालं आणि तरी ठरत नसेल, तर एक कारण बहुतेक वेळा राहून जातं. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

गाय खाते ते अंगात ऑक्सिजनच्या मदतीने जळतं, तेव्हा ताकद मिळते. चूल पेटली की ठिणग्या उडणारच, तशा पेशींतही उडतात. थोड्या ठिणग्या लागतातच, बीज सुटायलासुद्धा त्या लागतात. त्या विझवायची सोय शरीरात असते: ई जीवनसत्त्व, हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन, आणि सेलेनियम, तांबं, जस्त, मँगनीज यांच्यावर चालणारी विकरं. ठिणग्या जास्त आणि विझवणारं कमी झालं की पेशींची चरबीची आवरणं जळायला लागतात. त्यात बीज, वीर्य आणि कोवळा गर्भ आधी सापडतात.

ठिणग्या वाढतात कधी? एक, कडक उन्हात. दुसरं, व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात. दूध चढत असतं, पोटात तेवढं जात नाही, मग गाय अंगावरची चरबी वितळवते आणि यकृतावर भार येतो. लठ्ठ होऊन व्यालेल्या गाईला हा त्रास जास्त. तिसरं, बुरशी लागलेली पेंड किंवा मुरघास. आणि नेमकं उन्हाळ्यातच आपल्याकडे हिरवा चारा संपतो. कडबा उन्हात पिवळा पडला की त्यातलं कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व बरंचसं गेलेलं असतं. गाईच्या दुधाची साय नेहमीपेक्षा पांढरट दिसायला लागली तर समजा, कॅरोटीन कमी पडतंय. (म्हशीची साय पांढरीच असते, तिथे ही खूण चालत नाही.) बीज सुटल्यावर अंडाशयावर जो पिवळा गोळा तयार होतो आणि गर्भ टिकवतो, त्याचा पिवळेपणाही याच कॅरोटीनचा.

*आता मुख्य गोष्ट.* आज माजाला सुटणारं बीज आज तयार झालेलं नसतं. त्याची वाढ दोन-तीन महिने आधीच सुरू झालेली असते. त्या काळात ऊन, उपास, ताप, कासदाह जे काही झालं त्याचा मार बीजाने खाल्लेला असतो. म्हणून मे महिन्यातल्या उन्हाने उलटणाऱ्या गाई पाऊस पडून गारवा आला तरी लगेच ठरत नाहीत. आणि म्हणूनच भरवायच्या दिवशी ताकदीचं इंजेक्शन मारून फारसं हाती लागत नाही. खर्च करायचाच तर तो आधी करायचा.

आधी म्हणजे भाकड काळात. गाय विण्याच्या 60 दिवस आधी आटवा, आणि भाकड आहे म्हणून तिला नुसत्या कडब्यावर ठेवू नका. आपल्याकडे ही सवय फार आहे आणि माझ्या मते सगळ्यात महाग तीच पडते. घरात थोडाच हिरवा चारा असेल तर त्यातला वाटा आधी भाकड गाईला द्या. मका किंवा नेपियर चालेल. लसूण घास मात्र शेवटच्या तीन आठवड्यांत बेतानेच, त्यातल्या कॅल्शियम-पोटॅशियममुळे व्यायल्यावर दूधज्वराचा धोका वाढतो. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. घेताना पाकीट वाचा. तांबं, जस्त, मँगनीज लिहिलेलं नसेल तर ते नुसतं चुन्याची पावडर आणि मीठ असू शकतं.

व्यायल्यावर 12 तासांत वार पडली नाही तर ती अडकली असं धरायचं. भाकड काळात ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम पुरेसं मिळालं तर वार अडकण्याचं प्रमाण कमी होतं, हे अमेरिकेत ओहायोमधल्या संशोधकांनी 1970 च्या दशकातच दाखवलं. वार अडकली की गर्भाशय सुजतं आणि पुढचं उलटणं तिथूनच सुरू होतं. मागच्या वेताला वार अडकलेली गाय असेल तर विण्याच्या साधारण तीन आठवडे आधी डॉक्टरांना ई-सेलेनियमबद्दल विचारा. मात्र *दुकानातून आणून स्वतः टोचू नका.* सेलेनियमची गरज एक किलो कोरड्या खाद्याला जेमतेम 0.3 मिलिग्रॅम असते, आणि गरज व विषबाधा यांत अंतर फार कमी आहे. खुरं गळण्यापर्यंत गाई गेल्याची उदाहरणं पंजाबात सेलेनियम जास्त असलेल्या जमिनीच्या पट्ट्यात आहेत. मी पदविकावाला माणूस, डोस मी सांगणार नाही.

भरवताना: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. भरवल्यावर पहिले दोन-तीन दिवस गर्भ फार नाजूक असतो, उन्हाचा चटका त्याला सोसत नाही. चार दिवसांचा झाला की बराच तगतो. तेव्हा भरवलेल्या गाईला तीन दिवस दुपारी सावलीतून हलवू नका. खिल्लार, गीरचा गर्भ होलस्टीनपेक्षा ऊन जास्त सोसतो, म्हणून शेजारच्या देशी गाईशी आपल्या एचएफची तुलना करू नका. कांडीचंही तसंच. वीर्याच्या पेशीला स्वतःची राखण करायची ताकद कमी असते. कांडी 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद वितळवलीच पाहिजे. खिशात किंवा हातावर चोळून वितळवताना दिसलं तर थांबवायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

गोठ्याचं थोडक्यात: पाणी 24 तास समोर, वैरण पहाटे आणि रात्री जास्त, दुपारी कमी. अंगावर पाणी मारणार असाल तर पंखा किंवा वारा हवाच. बंद गोठ्यात नुसतं पाणी मारलं की दमटपणा वाढून धाप उलट वाढते.

ज्यांच्या गाई मे-जूनमध्ये विणार आहेत त्यांनी कानातल्या बिल्ल्याचा नंबर, भरवल्याची तारीख आणि मागच्या वेताला वार अडकली होती की नाही, एवढं या रविवारपर्यंत संकलन केंद्राच्या वहीत लिहून द्या. आटवायची तारीख काढून आम्ही प्रत्येकाला वेगळा मेसेज करू.