खाडीच्या धंद्यासाठी कयाक निवडताना

कोकणातील आमचे काही तरुण आखातातून परत आल्यावर जवळची पुंजी पर्यटनाच्या धंद्यात घालू इच्छितात. खाडीकाठी स्वतःची जागा असली की कयाक घेण्याचा विचार मनात येतो. विचार चांगला आहे. मात्र रंग आणि किंमत पाहून कयाक घेतली तर पुंजी अडकते, प्रसंगी गिऱ्हाइकाच्या जिवावरही बेतते. म्हणून या अंकात आम्ही निवडीचा हिशेब मांडत आहोत.

पहिला प्रश्न : ही कयाक कोण चालवणार? आपले गिऱ्हाईक शहरातून आलेले, बहुधा प्रथमच वल्हे हाती धरणारे. कयाकचे मुख्य प्रकार दोन. एकात माणूस पोटात पाय घालून बसतो. ती उलटली तर आत पाणी भरते आणि नवशिक्या घाबरतो. दुसरीत माणूस वर उघड्यावर बसतो. पाणी भोकांतून निघून जाते आणि उलटलीच तर पुन्हा चढता येते. भाड्याच्या धंद्याला हीच योग्य.

दुसरा प्रश्न मापाचा. लांब व अरुंद कयाक वेगाने आणि सरळ जाते, पण जास्त डुलते. आखूड व रुंद कयाक संथ, परंतु स्थिर असते. शांत खाडीत एका माणसासाठी 9 ते 11 फूट लांबी आणि सुमारे 30 इंच रुंदी सोयीची. 16 फुटांची समुद्री कयाक सराईताच्या कामाची. ती घेऊ नये.

तिसरा प्रश्न वजनाचा. पूर्ण क्षमतेइतके वजन घातले तर कयाक पाण्यात खोल बसते. म्हणून क्षमतेच्या सत्तर टक्क्यांवर जाऊ नये. 200 किलोच्या जोडकयाकीत 140 किलो, म्हणजे 70 किलोची दोन माणसे, इतकाच भार धरावा.

चौथा प्रश्न दुरुस्तीचा. आपल्या बंदरांवर फायबरची होडी सांधणारे कारागीर मिळतात. पण बहुतेक कयाकी पॉलिथिलीनच्या असतात आणि त्यावर फायबरचे रेझिन नीट चिकटत नाही. प्लास्टिक वेल्डिंग करावे लागते. जुना माल घेताना तळ दाबून पाहावा. उन्हाने रंग उडालेला, बारीक चिरा गेलेला माल सोडून द्यावा. आपला माल नेहमी सावलीत ठेवावा.

सगळी रक्कम कयाकीतच घालू नये. प्रत्येक गिऱ्हाइकाला मापाचे लाइफ जॅकेट, जादा वल्ही आणि सोबत्यासाठी एक वेगळी कयाक, हा खर्च आधी बाजूला काढावा. महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आणि विमा यांची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. पावसाळ्यात धंदा बंद राहतो, हे भाडे ठरवताना धरावे. चांद दिसण्याच्या आणि चौदावी-पंधरावीच्या आसपास उधाण असते. तेव्हा ओहोटीत खाडीच्या मुखाकडे कोणालाही जाऊ देऊ नये.

भांडवल कमी पडले तर व्याजी कर्जाऐवजी भागीदारी करावी. नफा-तोट्याची वाटणी लिहून, साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहेच.

आपल्या कयाकीत बसलेला माणूस ही आपल्याकडची अमानत आहे. दोन कमी घ्या, पण योग्य त्याच घ्या, एवढेच आमचे सांगणे.