लेकराचे केस भुरे का झाले?



या वेळी आपण केसांच्या रंगाविषयी समजून घेऊ. विषय वरवरचा वाटेल. पण वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्यातल्या वस्तीत दोन-चार लेकरांचे केस भुरे, तांबूस दिसतात. कोणी म्हणते, उन्हात खेळते म्हणून. कोणी म्हणते, आजोबावर गेले. कोणी दृष्ट काढायला सांगते, तर कोणी आईलाच बोल लावते. ऊन आणि वारसा ही कारणे खरी असू शकतात. मात्र आणखी एक कारण असते, ते म्हणजे कुपोषण. ते ओळखायला उशीर झाला तर लेकराच्या जिवावर बेतते. म्हणून हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे.

केसाला रंग कुठून येतो?

केसाचे मूळ कातडीच्या आत असते. तिथे रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवून वाढणाऱ्या केसात भरतात. मेलॅनिन दोन प्रकारचे असते. एक काळे-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळे. पहिले भरपूर असेल तर केस काळे, ते कमी असेल तर भुरे किंवा सोनेरी, आणि दुसऱ्याचे प्रमाण जास्त असेल तर लालसर. कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो. म्हणजे रंग भरायचा तो मुळातच भरला जातो. बाहेरून तेल लावून पिकलेला केस पुन्हा काळा होत नाही, त्याचे कारण हेच.

वारसा कसा चालतो?

कोणते मेलॅनिन किती बनवायचे, याची सूचना जनुकांमध्ये असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. केसांच्या रंगामागे एकच जनुक नाही. २०१८ साली युरोपीय वंशाच्या सुमारे तीन लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यात रंगाशी संबंधित शंभराहून जास्त जागा जनुकसंचात सापडल्या. त्यामुळे एकाच आईबापाच्या दोन लेकरांच्या केसांत थोडा फरक असणे अगदी स्वाभाविक आहे.

कधी मात्र एकाच जनुकातला बदल मोठा फरक घडवतो. प्रशांत महासागरात सॉलोमन बेटे आहेत. तिथले लोक काळ्या वर्णाचे, पण शंभरातल्या पाच ते दहा जणांचे केस सोनेरी. कोणी म्हणे ऊन आणि समुद्राचे पाणी, कोणी म्हणे मासे खाल्ल्यामुळे, कोणी म्हणे गोऱ्या खलाशांचे रक्त. २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिले की टीवायआरपी-१ या जनुकातला एक छोटा बदल यामागे आहे आणि तो युरोपातल्या सोनेरी केसांच्या लोकांत आढळत नाही. म्हणजे गोऱ्यांचा काही संबंध नव्हता. हा बदल आई आणि बाप दोघांकडूनही मिळाला तरच केस सोनेरी होतात. दोघांकडे एकेक प्रत लपलेली असेल, तर स्वतः दोघांचे केस काळे असूनही प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते.

अल्बिनिझम असलेले बाळही बहुधा याच पद्धतीने जन्मते. केस पांढरे-पिवळसर, कातडी अगदी फिकट, आणि नजर कमजोर. जवळच्या नात्यात लग्ने होतात तिथे अशी लपलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, कोणाच्या पापाचा नाही. हा कोडही नव्हे आणि तो संसर्गाने पसरत नाही. अशा लेकराला उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि शाळेत पुढच्या बाकावर बसवावे.

जगात रंग वेगवेगळे का झाले?

सगळ्या माणसांचे पूर्वज आफ्रिकेतले. तिथल्या कडक उन्हात भरपूर मेलॅनिन असलेली कातडी जिवाचे रक्षण करी. काळे केस हा माणसाचा जुना, मूळचा रंग आहे. पुढे माणसे उत्तरेकडे कमी उन्हाच्या प्रदेशात गेली. तिथे फिकट कातडी चालली, टिकली, आणि केसांच्या रंगातले बदलही पसरत गेले. जगात आजही बहुसंख्य लोकांचे केस काळेच आहेत.

या फरकांवरून माणसाला उच्च-नीच ठरवण्याला विज्ञानात आधार नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे तपासून दाखवून दिले होते की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. भुऱ्या केसांचे लेकरू ‘मोठ्या घरचे’ वाटते असे कौतुकाने म्हणणे आणि काळ्या लेकराला हिणवणे, दोन्ही आपण सोडून दिले पाहिजे.

रंग बदलला, तर सावध!

जन्मापासून केस भुरे आहेत, घरात आणखी कोणाचे तसे आहेत, लेकराचे वजन वाढते आहे, ते खेळते-खाते आहे, तर चिंता नको. उन्हानेही केसांची टोके भुरी होतात, पण मुळाकडचा केस काळा असतो.

काळे केस हळूहळू तांबूस, कोरडे, विरळ झाले आणि हलके ओढले तरी हातात येऊ लागले, तर मात्र कुपोषणाचा संशय घ्या. मेलॅनिन आणि केस दोन्ही प्रथिनांच्या घटकांपासून बनतात. शरीराला अन्न कमी पडले की ते आधी हृदय, मेंदू सांभाळते, केसांकडे दुर्लक्ष करते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून काही महिने उपासमार, काही महिने बरे दिवस, असे गेले तर एकाच केसावर फिकट आणि गडद पट्टे दिसतात.

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली आजच्या घाना देशात या आजाराचे वर्णन केले. १९३५ साली त्यांनी तिथल्या लोकांचाच शब्द वापरला, क्वाशिओरकोर. अर्थ असा की, पाठचे बाळ आल्यावर आधीच्या लेकराला होणारा आजार. अंगावरचे दूध सुटते आणि ताटात त्या तोडीचे काही येत नाही. आपल्याकडेही पाठोपाठची बाळंतपणे आणि कामासाठी बाहेरगावी जाणारी कुटुंबे, तिथे हा धोका जास्त.

घरी आणि अंगणवाडीत काय पाहायचे?

१. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खड्डा तसाच राहिला तर सूज आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुजेमुळे लेकरू गुबगुबीत दिसते, त्याला फसू नका.

२. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर अंगणवाडीताईंकडून मोजून घ्या. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम कुपोषण.

३. खाणे बंद, सुस्तपणा, ताप, जुलाब असतील तर थांबू नका, १०८ ला फोन करा. गरजेप्रमाणे लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. त्यानंतर दुधासोबत घट्ट वरण-भात, खिचडी, अंडे, शेंगदाण्याचा कूट, फुटाण्याचे पीठ, बरबटीची उसळ, वरून चमचाभर तेल. तूर-सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात डाळ लेकराच्या ताटात आधी पडावी. अंगणवाडीचा आहार हा लेकराचा कायदेशीर हक्क आहे. घरी मिळणारा शिधा त्याच लेकरासाठी वापरा.

पिकलेले केस आणि डाय

वय वाढले की रंगपेशी थकतात आणि केस पांढरे होतात. पंचविशीच्या आत पिकले तर बहुधा वारसा असतो. पण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा आजारही असू शकतो, म्हणून रक्त तपासून घ्या. अनेक काळ्या डायमध्ये आणि ‘काळी मेंदी’मध्ये पीपीडी नावाचे रसायन असते. कोणाकोणाला त्याने खाज, सूज, फोड येतात. आधी कानामागे थोडासा लावून दोन दिवस पाहा. डाय पोटात गेला तर मान सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होतात. पुडी लेकरांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. चुकून पोटात गेलाच तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात न्या.

केसांचा रंग वारशाने आला असेल, तर तो आहे तसा स्वीकारा. तो बदलत असेल, तर लेकराला आजच अंगणवाडीत न्या.